मुलगा जर्मनीत, सिम खानापुरात

गुरुजी, आपण कळवलेली हकीकत थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतरांनाही कळेल. आपला मुलगा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाच वर्षे सीएनसी मशीनवर काम करून सात महिन्यांपूर्वी जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात रुजू झाला. त्याचे बेळगावचे बचत खाते जसेच्या तसे चालू आहे आणि घरकर्जाचा हप्ता त्यातूनच जातो. त्याचे सिम खानापुरात आपल्या फोनमध्ये आहे, आणि त्याच्या नावाचे यूपीआय आपणच चालवता. तिकडे त्याला पहिले खाते उघडायला दोन महिने लागले, आणि जर्मनीच्या नंबरावर यूपीआय सुरू होत नाही. आता आपला भाचा पुढच्या महिन्यात दुबईला निघाला आहे, तेव्हा त्याच्या बाबतीत हे घोळ होऊ नयेत, अशी आपली इच्छा आहे.

बेळगावात एका बँकेच्या परकीय चलनाच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली. लष्करातून निवृत्त होऊन आखातात सुरक्षा रक्षक म्हणून गेलेले जवान, नर्सिंग शिकून बाहेर पडलेल्या मुली आणि अलीकडे आपल्या मुलासारखे कारागीर, अशा सर्वांचे कागद त्या टेबलावरून गेले. त्या अनुभवातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. परदेशी गेलेल्या माणसाचे बँकेचे हाल बहुधा पैशाच्या तुटवड्याने होत नाहीत. त्याचे नाव, पत्ता, फोन नंबर आणि निवासी दर्जा या चार गोष्टी दोन देशांतल्या कागदांवर एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून होतात. आपल्या प्रश्नातील प्रत्येक अडचण यांपैकी कुठल्या तरी एका गोष्टीशी येऊन थांबते.

आधी सिमचे पाहू. मुलाचा यूपीआय पिन वडिलांना माहीत असणे घरात विश्वासाचे मानले जात असले, तरी बँकेच्या दृष्टीने तो गुप्त क्रमांक दुसऱ्याला दिल्याचा प्रकार ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे उदाहरणार्थ पिन किंवा ओटीपी इतरांना दिल्यामुळे, खात्यातून पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकानेच सोसायचे असते. उद्या कोणी बँकेतून बोलतो असे सांगून आपल्याकडून ओटीपी काढून घेतला, तर मुलाची बाजू पहिल्याच पायरीवर लंगडी पडेल.

याच्या उलट टोकाची चूकही मी पाहिली आहे, ती म्हणजे सिम कपाटात टाकून विसरणे. खानापूर भागातील एक माउली प्लास्टिकच्या पिशवीत मुलाचे पासबुक, चेकबुक आणि बटणांचा जुना फोन घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. मुलगा कुवेतला, सिमला आठ-नऊ महिने रिचार्ज नाही. त्या नंबरावर मी फोन लावला, तर पलीकडून एक अनोळखी तरुण कन्नडमध्ये म्हणाला की, हा नंबर त्याने नुकताच घेतला आहे आणि कुठल्या तरी बँकेचे मेसेज येऊन त्याचे डोके उठले आहे. तो सज्जन निघाला हे त्या कुटुंबाचे भाग्य. वापर थांबल्यावर ९० दिवसांनी सिम बंद होऊ शकते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्याला दिला जातो. असे फिरून आलेले नंबर बँकांनी आणि यूपीआय ॲपनी आपल्या नोंदींतून दर आठवड्याला काढावेत, असा नियम १ एप्रिल २०२५ पासून आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की, आपले यूपीआय एके दिवशी न सांगता बंद पडलेले असेल.

त्यामुळे हे सिम मुलाकडे जाऊ द्या. कुणी तिकडे जाणारे असेल त्यांच्याबरोबर पाठवा, किंवा मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा ई-सिम करून घ्या, आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग येथे असतानाच सुरू करा, कारण तिकडे गेल्यावर ते सुरू करताना नाकी नऊ येतात. किमान रिचार्ज मात्र चुकवू नये. तिकडच्या फोनमध्ये दुसऱ्या खाचेत हे सिम नुसते बसून राहिले आणि बँकेचे मेसेज घेत राहिले, तरी त्याचे काम झाले.

आता निवासी दर्जा. आपण लिहिता की, १८२ दिवस पूर्ण व्हायचे होते म्हणून बँकेला कळवले नाही. हा गैरसमज इतका रुजलेला आहे की, मी तो चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे. १८२ दिवसांचा तो हिशेब प्राप्तिकरासाठी आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे १ जून २००० पासून लागू झालेला फेमा, वेगळ्या दृष्टीने पाहतो: जो नोकरीसाठी भारताबाहेर जातो तो त्या कायद्याने निघाल्या दिवसापासूनच अनिवासी होतो. म्हणजे सात महिने आपल्या मुलाचे निवासी बचत खाते ज्या स्वरूपात चालू आहे, तसे ते चालायला नको होते. घाबरण्याचे कारण नाही. बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या साध्या रुपया खात्यात बदलून घ्यावे. स्वतःहून आलेल्या माणसाला बँका सहसा त्रास देत नाहीत.

एनआरओ खात्यात भारतातले उत्पन्न येते: घरभाडे, जुन्या ठेवींचे व्याज, लाभांश. त्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर उपकर कापून घेते. परदेशातून येणाऱ्या कमाईसाठी एनआरई, म्हणजे अनिवासी माणसाच्या परदेशी कमाईचे खाते वेगळे उघडावे. त्यातील मुद्दल आणि व्याज केव्हाही परत बाहेर नेता येते, आणि व्याजावर भारतात कर नाही. एनआरईमधून एनआरओमध्ये पैसे सहज जातात, उलट दिशेने मात्र वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आणि कराची प्रमाणपत्रे आड येतात, म्हणून जर्मनीतला पगार एनआरओमध्ये ओतणे हा घाट चढून पुन्हा उतरण्याचा प्रकार आहे. येथे एक गोष्ट बहुतेक जाहिरातींत सांगितली जात नाही. एनआरईचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी आपला मुलगा आता जर्मनीचा करदाता निवासी आहे, आणि जर्मनी आपल्या निवाशांच्या जगभरातील उत्पन्नावर कर लावते. तिकडे एकट्या माणसाला भांडवली उत्पन्नावर वर्षाला १,००० युरोंची सूट आहे, त्यापुढचे व्याज त्याने तेथील विवरणपत्रात दाखवले पाहिजे. खात्यांची माहिती दोन्ही देश एकमेकांना आपोआप पाठवतात, तेव्हा 'कळणार कुणाला' हा विचार सोडावा. दुबईत वैयक्तिक प्राप्तिकर नसल्यामुळे आपल्या भाच्याला हा प्रश्न येणार नाही.

आपल्याला येथून घरखर्च आणि हप्ते भागवायचे आहेत, त्यासाठी सरळ मार्ग आहे. मुलाने एनआरई किंवा एनआरओ खात्यावर आपल्या नावे मुखत्यारपत्र अथवा बँकेच्या नमुन्यातील मँडेट, म्हणजे खाते चालवण्याचे अधिकारपत्र, द्यावे. त्यावर आपण आपल्या सहीने आणि आपल्या स्वतःच्या ओळखीने स्थानिक खर्च करू शकता. त्या खात्यातून कुणाला बक्षीस म्हणून रक्कम देणे मात्र मुखत्याराला करता येत नाही, आणि परदेशी पैसे पाठवायचेच झाले तर ते फक्त खातेदाराला पाठवता येतात. अधिक सोपे हवे असेल तर मुलाने दरमहा ठरावीक रक्कम सरळ आपल्याच खात्यात पाठवावी. मुलाकडून वडिलांना आलेल्या अशा रकमेवर आपल्याला कर लागत नाही, आणि आपले यूपीआय आपल्याच नंबरावर बिनघोर चालते.

हप्त्याबाबत मात्र माझी एक चूक सांगतो. एका इंजिनिअरचे खाते मी एनआरओमध्ये बदलून दिले, कागद चोख, सही चोख, आणि समाधानाने फाइल बंद केली. आमच्या पद्धतीत खाते बदलताना खाते क्रमांकही बदलत असे. त्याचे घरकर्ज दुसऱ्या संस्थेचे होते, आणि हप्ता कापण्याची नोंदणी जुन्या क्रमांकावर होती. दोन हप्ते परत गेले, दंड लागला, शिवाय क्रेडिट स्कोअर खाली आला. तो सभ्य माणूस होता; त्याने फोनवर इतकेच विचारले, 'साहेब, हे आधी सांगता आलं नसतं का?' तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारू लागलो: या खात्यातून आपोआप काय काय कापले जाते? आपणही पासबुक घेऊन गेल्या वर्षभरातील कर्ज, विमा, म्युच्युअल फंड, वीज अशा नोंदींखाली पेन्सिलीने रेघ ओढा, आणि खाते बदलण्याच्या अर्जाबरोबरच त्या प्रत्येक ठिकाणी नवा क्रमांक कळवा.

यूपीआय जर्मनीच्या नंबरावर का चालत नाही, याचे उत्तर साधे आहे. एनआरई आणि एनआरओ खात्यांना परदेशी नंबरावर यूपीआय जोडण्याची मुभा जानेवारी २०२३ मध्ये मिळाली, तेव्हा यादीत दहा देश होते: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि ब्रिटन. त्यात जर्मनी नव्हती. यादी पुढे वाढली आहे, तेव्हा आपल्या बँकेची आजची यादी विचारावी. तोवर भारतीय सिम हाच मार्ग. भाच्याला मात्र अमिरातीच्या नंबरावर हे जमेल, अट एवढीच की तो नंबर बँकेत त्याच्या अनिवासी खात्याशी नोंदलेला असावा. आणखी एक समज दूर करतो. पॅरिसच्या आयफेल टॉवरवर फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयने तिकीट काढता येते, ही बातमी खरी आहे. पण ती भारतातून फिरायला गेलेल्या पर्यटकाची सोय आहे. तिकडे राहून पगार घेणाऱ्या माणसाला त्या देशाची स्वतःची व्यवस्था शिकावीच लागते.

ती व्यवस्था परक्या माणसाला किती अडवते, हे मला काउंटरच्या उलट बाजूने कळले. बेळगावात वैद्यकीय शिक्षणासाठी मलेशियाहून विद्यार्थी येत असत. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून त्यांचे एनआरओ खाते उघडता येते, स्थानिक पत्त्याचा पुरावा तीस दिवसांत द्यायचा असतो, आणि तोपर्यंत बाहेरून एक हजार डॉलरपर्यंतच रक्कम घेता येते व महिन्याला पन्नास हजार रुपयांपर्यंतच काढता येते. नियम उदार आहे. पण घरमालक भाडेकरार लिहून देईना आणि कराराशिवाय पत्ता सिद्ध होईना, असा पेच पडलेली एक मुलगी तीन वेळा माझ्याकडे आली. आपल्या मुलाचे दोन महिने असेच गेले असणार.

जर्मनीत साखळी अशी आहे: घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी, जिला तिकडे आनमेल्डुंग म्हणतात, तिच्यासाठी घरमालकाचे पत्र, त्या नोंदणीनंतर टपालाने येणारा कर क्रमांक. बँकेचे कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांतून येतात. मुलाला विचारून पाहा, त्याच्या इमारतीच्या टपालपेटीवर त्याचे आडनाव लावलेले आहे का. तिकडे पोस्टमन फ्लॅटचा नंबर शोधत नाही, पेटीवरचे नाव वाचतो. नाव नसेल तर पाकीट परत जाते. आपल्याकडे 'पाटील गुरुजी, मारुती मंदिराजवळ' एवढ्यावर मनीऑर्डर पोहोचते, म्हणून ही गोष्ट आपल्या मुलांच्या ध्यानातच येत नाही. एखादी बँक खाते उघडायला टाळाटाळ करत असेल, तर 'बाझिसकोन्टो' म्हणजे मूलभूत खात्याचा अर्ज मागावा: युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला २०१६ पासून जर्मनीत त्याचा हक्क आहे, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने निर्णय द्यायचा असतो.

नावाचा प्रश्न आपल्या सीमाभागात जास्त बिकट होतो. शाळेचा दाखला मराठी, जमिनीचा उतारा कन्नड, पासपोर्ट रोमन लिपीत. कन्नडवरून रोमन अक्षरे करताना 'जाधव'च्या शेवटी एक जास्तीचा 'ए' लागतो, 'चौगुले' तीन प्रकारे लिहिले जाते, आणि वडिलांचे नाव कधी मधले नाव, कधी पहिल्या नावाचा भाग होते. बेळगावचे नावही १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या कागदांवर एक आणि नव्यांवर दुसरे नाव दिसते. भारतात खाते क्रमांक बरोबर असला की बहुतेक वेळा निभावते. युरो वापरणाऱ्या देशांत मात्र ९ ऑक्टोबर २०२५ पासून पैसे पाठवण्यापूर्वी बँकेने खातेदाराचे नाव आणि आयबॅन, म्हणजे तिकडचा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, जुळतात का हे पडताळून पाठवणाऱ्याला सांगायचे असते. कारखान्याच्या पगारपत्रकात, घरभाड्याच्या करारात आणि बँकेत मुलाचे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः एकच असू द्या. आणि येथील पॅन व आधारही त्याच स्पेलिंगवर आणा, मग वेळ लागला तरी चालेल.

पैसे पाठवण्याच्या खर्चाविषयी आपण विचारलेले नाही, पण तेथेच सर्वाधिक गळती होते. 'शुल्क शून्य' अशी जाहिरात असते आणि कमाई विनिमयदरात दडलेली असते. बाजारात चालू असलेल्या दरापेक्षा युरोमागे दोन रुपये कमी दिले, तर दर हजार युरोंवर दोन हजार रुपये गेले. दहा युरोंचे उघड शुल्कही त्यापेक्षा कमी पडते. म्हणून प्रश्न एकच विचारावा: मी आज इतके युरो दिले, तर बेळगावच्या खात्यात नेमके किती रुपये जमा होतील? पाठवताना भारतासाठी आयबॅन नसतो, अकरा अक्षरांचा आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड लागतो, आणि बँकांच्या विलीनीकरणानंतर जुने कोड बाद झालेले आहेत. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे कोड १ जुलै २०२१ पासून चालेनासे झाले, तरी जुन्या पासबुकावरचा कोड मुलाच्या ॲपमध्ये अजून जतन केलेला असतो. आपले पासबुक नवे आहे का, ते एकदा पाहा.

पतसंस्थांविषयीही येथेच लिहितो, कारण बेळगाव, निपाणी, संकेश्वर भागात हा विषय टाळता येत नाही. पिग्मीची, म्हणजे रोज थोडी रक्कम जमा करण्याची सवय आपल्याला तीन पिढ्यांची आहे, ओळखीचा माणूस घरी येतो, व्याज बँकेपेक्षा जास्त देतो, म्हणून परदेशातून आलेली रक्कम बऱ्याच घरांत सोसायटीत ठेवली जाते. अनिवासी खाते सोसायटीत उघडता येत नाही, त्यामुळे ती रक्कम वडिलांच्या नावे ठेव म्हणून जाते. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. मी पिग्मीच्या विरोधात नाही, माझेही एक खाते आहे. पण मुलाची दहा वर्षांची कमाई तेथे ठेवू नये.

जमिनीबाबत आपण शेवटी एक ओळ लिहिली आहे, म्हणून तेवढेच सांगतो. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता येऊ लागली, पण आपला मुलगा अनिवासी असेपर्यंत फेमानुसार त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली तो ठेवू शकतो, आणि बेळगावात फ्लॅट घ्यायलाही हरकत नाही.

आता भाच्याविषयी. दुबईला पोहोचल्यावर एमिरेट्स आयडी, म्हणजे तेथील निवासी ओळखपत्र, हातात येईपर्यंत खाते उघडणे कठीण असते, म्हणून पहिल्या महिन्याच्या खर्चाची सोय येथूनच करून न्यावी. २०२० पासून नव्या भारतीय कार्डांवर परदेशातील वापर बंद ठेवलेला असतो. तो ॲपमधून निघण्यापूर्वी सुरू करावा. खासगी कंपन्यांचा पगार तेथे २००९ पासून वेतन संरक्षण पद्धतीतून द्यावा लागतो, म्हणजे सरकारला दिसेल अशा रीतीने. कमी पगाराच्या कामगारांना बऱ्याचदा बँक खात्याऐवजी पगाराचे कार्ड मिळते. त्यात वाईट काही नाही, परंतु पगार रोख देतो म्हणणाऱ्या मालकाबद्दल सावध राहावे. कर्ज किंवा घरभाड्यासाठी तेथे पुढच्या तारखांचे चेक मागतात. जानेवारी २०२२ पासून केवळ शिल्लक नसल्याने चेक परत येणे हा सरसकट फौजदारी गुन्हा राहिला नसला, तरी त्या चेकवरून थेट वसुलीची कारवाई होते, तेव्हा कोरा चेक सही करून कुणालाही देऊ नये.

आणि हुंडी, म्हणजे बँकेला वगळून दलालामार्फत पैसे पाठवणे. दर चांगला मिळतो, पैसे संध्याकाळी घरी येतात, हे सारे खरे आहे. पण फेमाखाली तो व्यवहार बेकायदा आहे, आणि आता हुंडीवाले रोख न देता अनोळखी खात्यांवरून यूपीआयने रक्कम टाकतात. ती रक्कम कुणाच्या तरी फसवणुकीतून आलेली असली, तर दुसऱ्या राज्यातील सायबर पोलिसांच्या पत्रावर खाते गोठते आणि निवृत्त माणसाचे पेन्शन त्यात अडकते. असे पैसे आपल्या खात्यात आलेच, तर खर्च न करता शाखेला लेखी कळवावे. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

या आठवड्यात आपल्याकडून एवढे व्हावे: शाखेतून एनआरओ रूपांतराचा, नव्या एनआरई खात्याचा आणि मँडेटचा असे तीन फॉर्म आणा, आणि नॉमिनीची नोंद जुन्या खात्याबरोबर नव्यातही आहे ना, हे विचारून घ्या. सह्या मुलाच्याच लागतील. पासपोर्ट, व्हिसा व जर्मनीच्या पत्त्याच्या नोंदणीच्या प्रती त्याने भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीकडे साक्षांकित करून मूळ फॉर्मसह टपालाने पाठवाव्यात. ईमेलवरची प्रत बहुतेक शाखा घेत नाहीत. सही मात्र जुन्या खात्यावर होती तीच करायला सांगा, कारण जर्मनीत गेल्यावर मुले सही इंग्रजीत करू लागतात आणि आमच्याकडच्या कार्डावर ती मराठीत असते.